कंपनीचा स्टिरिओ तसाच ठेवून ॲम्प जोडायचा असेल तर

लातूरहून तुळजापूरला निघालेली गाडी औशाच्या पुढं गेली, खिडक्या खाली झाल्या, की मागच्या सीटवरून हमखास आवाज येतो, "वाढव की जरा, मागं काहीच ऐकू येईना." वाढवलं की शब्द फाटायला लागतात. गाणारीचा आवाज कर्कश होतो आणि ढोलकी पुठ्ठ्यावर बोट आपटल्यासारखी वाजते. बहुतेक जण स्पीकरला दोष देतात आणि नवे स्पीकर बसवून घेतात. फरक पडतो, पण थोडा. अडचण स्पीकरच्या आधी, स्टिरिओच्या पोटात असते.

हिशोब सोपा आहे. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १४.४ व्होल्ट असतात. कंपनीच्या स्टिरिओतली आयसी (आवाजाला ताकद देणारी चिप) थेट त्यावर चालते, आत व्होल्टेज वाढवणारं काही नसतं. म्हणजे स्पीकरवर जास्तीत जास्त १४.४ व्होल्टची उसळी जाऊ शकते. सरासरी धरली तर १० व्होल्टच्या आसपास. ४ ओहमच्या स्पीकरला १० व्होल्ट म्हणजे २५-२६ वॅट, आणि आयसीतली घट वजा केली की हातात १८ ते २० वॅट उरतात. खोक्यावर "५० वॅट गुणिले ४" छापलेलं असतं तो क्षणिक कमाल आकडा आहे. आवाज स्वच्छ ठेवून सतत मिळणारी ताकद हीच, १८-२० वॅटची. वेगळ्या ॲम्पमध्ये, म्हणजे आवाजाची ताकद वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या डब्यात, १२ व्होल्ट वाढवून घेणारा स्वतःचा भाग असतो, म्हणून तो त्याच स्पीकरला ५० वॅट सहज देतो.

मग स्टिरिओच बदलावा का? जुन्या गाडीत खुशाल बदला. आताच्या गाड्यांत मात्र स्टिअरिंगवरची बटणं, मागचा कॅमेरा, कधी कधी गाडीच्या सेटिंगसुद्धा त्याच पडद्यातून चालतात. तो काढला की दहा गोष्टी बंद पडतात. त्यापेक्षा तो तिथंच ठेवून मागं ॲम्प जोडणं शहाणपणाचं आहे, आणि थोडा संयम असलेल्या कुणालाही ते जमतं. मी हे काम बरीच वर्षं करतोय. नवख्या पोरांच्या हातून नेमकं कुठं बिघडतं ते पाहिलंय, आणि जिथं बिघडतं तिथं या लेखात जास्त वेळ थांबणार आहे.

एक खुलासा आधीच करतो. ज्या गाडीत कंपनीनंच वेगळा ॲम्प आणि नावाजलेल्या ब्रँडचे स्पीकर दिलेत, त्या गाडीसाठी हा लेख नाही. तिथं स्टिरिओतून निघणाऱ्या वायरींमध्ये वेगळाच सिग्नल असतो.

स्पीकरची कुठलीच वायर अर्थिंगची नाही

हा एक मुद्दा नीट बसला तर उरलेलं काम म्हणजे हाताची मेहनत.

फार पूर्वीच्या टेपमध्ये स्पीकरची एक वायर आवाजाची आणि दुसरी बॉडीची असायची. आमच्याकडं अजून कित्येक जण गाडीच्या स्टिरिओला टेपच म्हणतात, आणि त्या काळची सवयही काही हातांत टिकून आहे. चारी स्पीकरच्या मायनस वायरी एकत्र पिळायच्या आणि बॉडीला लावायच्या. आजच्या स्टिरिओत हे केलं की आयसी जाते. कारण आता प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही वायरी ॲम्पच्या दोन वेगळ्या टोकांना असतात. एक वर ढकलते तेव्हा दुसरी खाली ओढते. दोन्हींवर बॉडीच्या तुलनेत पुरवठ्याच्या निम्मे, म्हणजे ६-७ व्होल्ट कायम उभे असतात. मायनस वायर बॉडीला टेकवणं म्हणजे ते व्होल्ट सरळ शॉर्ट करणं.

मी शिकत होतो तेव्हा शेजारच्या काकांच्या गाडीत हीच चूक माझ्या हातून झाली. एका मायनस वायरीचं उघडं टोक डॅशबोर्डमागच्या पत्र्याला लागलं, स्टिरिओ चालू होता, आणि पुन्हा त्यातून आवाज आला नाही. काका काही बोलले नाहीत. नवी आयसी मी माझ्या पैशानं घातली. तेव्हापासून कापलेल्या प्रत्येक वायरीच्या टोकाला मी आधी टेप गुंडाळतो, मग दुसरी कापतो.

मल्टिमीटर घेऊन हे स्वतः मोजून बघा. स्टिरिओ चालू, आवाज शून्यावर, मीटर डीसी व्होल्टवर. काळी पिन बॉडीला, लाल पिन स्पीकरच्या एका वायरीला: ६-७ व्होल्ट दिसतील. दुसऱ्या वायरीलाही तेवढेच. आता दोन्ही पिना त्याच दोन वायरींमध्ये धरा: शून्याजवळ. हे तीन आकडे मिळाले की त्या दोन्ही स्पीकरच्या वायरी आहेत असं समजायला हरकत नाही.

ॲम्प आणि सामान

कंपनीच्या स्टिरिओला मागं आरसीएच्या गोल खोबण्या जवळपास कधीच नसतात. म्हणून दोन वाटा उरतात. पहिली, हाय लेव्हल इनपुट असलेला ॲम्प घ्या. त्याला स्पीकरच्या वायरी थेट जोडता येतात. दुसरी, ॲम्पला फक्त आरसीए असेल तर मधे कन्व्हर्टर लावा. दुकानात त्याला हाय-लो कन्व्हर्टर म्हणतात. स्पीकरच्या मोठ्या सिग्नलला तो लहान करून आरसीएत देतो.

मी नवख्याला पहिलीच वाट सांगेन. एक वस्तू कमी, दोन जोड कमी. शिवाय अशा बऱ्याच ॲम्पना स्पीकरच्या वायरीवरचे ते ६ व्होल्ट ओळखता येतात आणि ते आपोआप चालू होतात, म्हणजे ॲम्पला चालू-बंदचा इशारा देणारी रिमोटची वायरही वाचते.

कन्व्हर्टरच घ्यायचा असेल तर दुकानातच एक तपासणी करा. मीटर बीपवर ठेवा. कन्व्हर्टरच्या डाव्या इनपुटची मायनस आणि उजव्या इनपुटची मायनस यांच्यात पिना धरा. बीप वाजला तर तो तिथंच परत ठेवा. त्यात दोन्ही मायनस आतून जोडलेल्या आहेत, आणि आपण वर पाहिलं की तसं करायचं नसतं. मायनस इनपुट आणि आरसीएचं बाहेरचं कडं यांच्यातही बीप वाजता कामा नये.

ताकद किती घ्यावी? दारांतल्या स्पीकरसाठी ५० वॅट आरएमएस गुणिले ४ पुरे. कंपनीच्या कागदी स्पीकरना यापेक्षा जास्त झेपत नाही आणि छोट्या गाडीचा अल्टरनेटरही (इंजिनवर चालून वीज बनवणारा भाग) मोठ्या ॲम्पनं दमतो. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद, हाच शब्द बघा. "मॅक्स" किंवा "पीक"पुढचा हजारातला आकडा सोडून द्या.

वायर मात्र चांगलीच घ्या. ४ गुणिले ५० म्हणजे २०० वॅट बाहेर. एबी क्लासचा (आतल्या रचनेचा एक प्रकार) ॲम्प त्यासाठी जवळपास दुप्पट, ४०० वॅट आत ओढतो, १३.८ व्होल्टला ते २९ अँपिअर झाले. डी क्लासचा असेल तर १८-२० अँपिअरमध्ये भागतं आणि तो तापतोही कमी, म्हणून आपल्या उन्हाळ्यासाठी मी डी क्लासच सांगतो. दोन्हींना ८ गेजची (गेज म्हणजे वायरीच्या जाडीचं माप) शुद्ध तांब्याची वायर चालते. बाजारात स्वस्त किट मिळतात त्यात बहुतेक वेळा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. पाच मीटर ८ गेज खऱ्या तांब्यात २९ अँपिअरला ०.३ व्होल्ट खाते, मुलाम्याची वायर त्याच्या दीडपट. ओळखायची कशी, तर एक तार ब्लेडनं खरवडा. आत चांदीसारखा रंग दिसला की मुलामा.

बाकी यादी: बॅटरीजवळ लावायचा फ्यूज होल्डर आणि ४० अँपिअरचा फ्यूज, थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं कडं), ते दाबून बसवायची क्रिंपिंगची पक्कड, हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आकसून जोडावर घट्ट बसणारी नळी), काळी नालीदार पाईप, केबल टाय, रबरी बूच, दहाचा पाना, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, मल्टिमीटर. डॅशबोर्ड उचकटायला स्क्रू ड्रायव्हर वापरू नका, ओरखडे कायमचे राहतात.

गाडी वॉरंटीत असेल तर आणखी एक वस्तू लागेल: त्या गाडीच्या स्टिरिओचं आयतं कपलर हार्नेस, म्हणजे दोन्ही टोकांना कपलर असलेला वायरींचा जुडगा. ते स्टिरिओ आणि गाडीच्या कपलरच्या मधे बसतं. सगळं कापणं-जोडणं त्या हार्नेसवर करायचं, गाडीच्या मूळ वायरीला ब्लेड लावायचंच नाही. चार-पाचशे रुपये वाचवायला मूळ वायरी कापल्या आणि पुढं सर्व्हिस सेंटरनं इलेक्ट्रिकलची वॉरंटी नाकारली, असं होताना मी पाहिलंय. विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी ॲम्पची नोंदही करून घ्या.

सुरुवात बॅटरीपासून

आधी बॅटरीची मायनस काढा आणि बाजूला बांधून ठेवा. स्टिरिओला सुरक्षा कोड असेल तर मायनस काढण्याआधी तो हाताशी असावा. मायनस काढल्यावर दहा मिनिटं थांबा, चहा घ्या. एअरबॅगच्या यंत्रणेतला साठलेला विद्युतभार उतरायला वेळ द्यायचा असतो. डॅशबोर्डमागं पिवळ्या नळीतल्या किंवा पिवळ्या कपलरच्या वायरी दिसतील. त्या एअरबॅगच्या. त्यांना हात नाही, मीटर नाही, टेस्ट लॅम्प तर अजिबात नाही.

आता प्लसची वायर. ती इंजिनच्या बाजूकडून आत न्यायची आहे आणि मधे पत्र्याची भिंत असते. तिच्यात कंपनीनंच ठेवलेली रबरी बुचं असतात. बहुतेक वेळा एखादं रिकामं किंवा सैल सापडतं. त्यातून वायर ओढा. नवं भोक पाडावंच लागलं तर पलीकडं काय आहे ते आधी बघा, आणि भोकाला रबरी बूच बसवल्याशिवाय वायर घालू नका. पत्र्याची कड रस्त्यावरच्या हादऱ्यांनी सहा महिन्यांत वायरीचं आवरण कापते. आपल्या रस्त्यांवर त्याहून लवकर.

फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. हा फ्यूज ॲम्पला वाचवण्यासाठी नाही. ॲम्पचा स्वतःचा फ्यूज असतो. हा वायरीसाठी आहे. बॅटरी ते फ्यूज एवढ्या तुकड्यात शॉर्ट झाला तर त्याला थांबवणारं काहीच नाही, म्हणून तो तुकडा जितका लहान तितका बरा. खेड्यात गाडी कडब्याच्या गंजीजवळ, गोठ्याशेजारी उभी असते आणि बॉनेटखाली उंदीर घर करतात. कुरतडलेली प्लसची वायर पत्र्याला टेकली आणि फ्यूज नसला, तर वायर लाल होऊन गाडी पेटते. इंजिनच्या बाजूची सगळी वायर नालीदार पाईपमधून न्या आणि फ्यूज सगळं जोडून होईपर्यंत होल्डरच्या बाहेर, खिशात ठेवा.

प्लसची वायर ड्रायव्हरच्या बाजूच्या उंबऱ्याखालून नेली तर आवाजाच्या वायरी दुसऱ्या बाजूनं न्या.

अर्थिंग

दहा तक्रारींतल्या सहा-सात इथं येऊन थांबतात. ॲम्पच्या पुरवठ्याची मायनस वायर लावायला त्याच्यापासून ४५ सेंटिमीटरच्या आत गाडीच्या मूळ पत्र्याची जागा शोधा. रंग खरवडून चकचकीत लोखंड दिसू द्या. प्लसच्याच जाडीची वायर, थिंबल दाबून बसवलेलं, खाली दातेरी वॉशर, वर नट घट्ट. झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंग लावा म्हणजे पहिल्या पावसात गंज धरणार नाही. सीटबेल्टचा बोल्ट वापरू नका. तो जिवाचा बोल्ट आहे, त्याच्याखाली आणखी काही घालायचं नाही.

डिकीत स्क्रू मारण्याआधी गाडीखाली वाकून बघा. इंधनाची टाकी, ब्रेकची नळी, सीएनजी गाडीत गॅसची नळी, यातलं काहीही त्या जागेखाली असू शकतं. सीएनजी गाडीत मी डिकीत भोक पाडतच नाही, ॲम्प सीटखाली ठेवतो.

कुठली वायर कुठल्या स्पीकरची

प्लॅस्टिकच्या पट्टीनं स्टिरिओभोवतीची चौकट सोडवा, स्क्रू काढा, स्टिरिओ पुढं ओढा. मागं कपलर दिसतील. युरोपीय पद्धतीच्या आठ-आठ पिनांच्या जोड कपलरमध्ये क्रम ठरलेला असतो: स्पीकरच्या कपलरमध्ये १-२ मागचा उजवा, ३-४ पुढचा उजवा, ५-६ पुढचा डावा, ७-८ मागचा डावा, आणि प्रत्येक जोडीत आधी प्लस मग मायनस. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत मात्र कंपनीचं स्वतःचं कपलर असतं आणि रंगही तिचेच. बाजारातल्या स्टिरिओचा पांढरा-राखाडी-हिरवा-जांभळा हा क्रम कंपनीच्या वायरींना लागू होईलच असं नाही. रंगावर विश्वास ठेवून काम करू नका, मोजून करा.

मोजायची रीत अशी. बॅटरीची मायनस तात्पुरती जोडा. प्लसच्या वायरीचा फ्यूज अजून खिशातच आहे. स्टिरिओ चालू करा आणि वर सांगितल्याप्रमाणे ६-७ व्होल्ट दाखवणाऱ्या आठ वायरी शोधा. आता गाणं लावा, स्टिरिओच्या सेटिंगमध्ये आवाज पूर्ण डावीकडं आणि पूर्ण पुढं सरकवा. मीटर एसी व्होल्टवर घ्या. ज्या दोन वायरींमध्ये आकडा सगळ्यात जास्त नाचतो ती पुढच्या डाव्या स्पीकरची जोडी. चिकटपट्टीवर लिहा, वायरीला लावा. मग उजवीकडं, मग मागं. चारही जोड्या दहा मिनिटांत सापडतात.

जोडीतली प्लस कुठली, हे ओळखायला साधा दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो. बॅटरीची मायनस पुन्हा काढा. स्टिरिओचं कपलर सुटं करा, हे विसरू नका. गाडीकडच्या बाजूला सेलची दोन टोकं एका जोडीला क्षणभर टेकवा. दारातल्या स्पीकरचा पडदा बाहेर आला तर सेलच्या प्लसला लागलेली वायर प्लस. आत गेला तर उलट. जाळीमुळं पडदा दिसत नसेल तर मोबाइलचा टॉर्च तिरका मारा. एक स्पीकर उलटा लागला तर आवाज बंद होत नाही, पण बेस कुठंतरी विरून जातो आणि माणूस महिनाभर ॲम्पला दोष देत राहतो.

जोडणी

पहिल्यांदाच करत असाल तर माझा आग्रह आहे की आधी फक्त वूफर किंवा बेस ट्यूब (जड आवाजाचा वेगळा स्पीकर) जोडा. त्यात काहीच कापावं लागत नाही. मागच्या डाव्या आणि मागच्या उजव्या जोडीला फाटे काढा, ते ॲम्पच्या हाय लेव्हल इनपुटला द्या, झालं. दारांतले स्पीकर पूर्वीसारखेच स्टिरिओवर वाजत राहतात. ॲम्पचं इनपुट इतका कमी प्रवाह घेतं की स्टिरिओला कळतही नाही.

चारी स्पीकर ॲम्पवर घ्यायचे असतील तर प्रत्येक वायर हार्नेसवर कापावी लागते. कापल्यावर तिची दोन टोकं होतात. स्टिरिओकडचं टोक ॲम्पच्या इनपुटला. स्पीकरकडचं टोक ॲम्पच्या आउटपुटला. ही दोन टोकं पुन्हा कधीही एकमेकांना लागता कामा नयेत. ॲम्पचा आउटपुट स्टिरिओच्या आउटपुटमध्ये घुसला तर ॲम्प चालू होताच एक तरी जळतो, बहुतेक वेळा स्टिरिओ. आठ वायरी, सोळा टोकं. म्हणून एका वेळी एकच वायर कापा, दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा, जोडा, स्लीव्ह चढवा, मग पुढची. दारापर्यंत नवी वायर ओढायची गरज नाही. ५० वॅटला कंपनीची वायर पुरते.

काही स्टिरिओ स्पीकर जोडलेला आहे की नाही ते तपासतात. ॲम्पच्या इनपुटला जोडल्यावर त्यांना वाटतं की स्पीकर सुटलाय, आणि ते तो चॅनल बंद करतात. असं झालं तर स्टिरिओकडच्या जोडीवर आडवा रेझिस्टर लावावा लागतो. काही ॲम्प आणि कन्व्हर्टरमध्ये तो आतच असतो. आधी जोडून बघा, लागला तरच लावा.

जोड पिळून टेप गुंडाळण्याची पद्धत सोडा. मे महिन्यात लातूर-नांदेडला ४२-४३ अंश असतात, उन्हात उभ्या बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. टेपचा डिंक वितळतो आणि टेप घसरते. डाक लावा किंवा क्रिंप करा आणि हीट श्रिंक चढवा.

उरली रिमोटची वायर. ॲम्पनं स्टिरिओबरोबर चालू-बंद व्हावं यासाठी ती असते. ॲम्प आपोआप चालू होणारा असेल तर ती मोकळी ठेवा. नसेल तर फ्यूज बॉक्समध्ये किल्लीच्या पहिल्या टप्प्यावर चालू होणारा फ्यूज शोधा, मीटरनं खात्री करा आणि फ्यूज टॅपनं (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणारा जोड) तिथून वायर घ्या. प्लसच्या वायरीला जोडून मोकळं व्हायचा मोह होतो. तसं केलं तर ॲम्प रात्रंदिवस चालू राहतो. नुसता चालू ॲम्पही एखादा अँपिअर खातो. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासाची बॅटरी दीड दिवसात संपते.

ॲम्प कुठं ठेवायचा

पुढच्या सीटखाली ठेवणार असाल तर थेट गालिच्यावर नको. शेतातून आलेल्या चपलांची काळी माती आणि पावसाळ्यातलं पाणी तिथंच येतं. वॉटरप्रूफ प्लायच्या तुकड्यावर चार बोटं उंच बसवा. सीटची रेल पुढं-मागं करून वायर चिमटत नाही ना ते बघा. वर हवा खेळायला जागा सोडा, मागच्या सीटकडं येणाऱ्या एसीच्या नळीचं तोंड अडवू नका. उलटा टांगू नका. दर दिवाळीच्या साफसफाईत ब्लोअरनं धूळ उडवा. आपल्या मातीची धूळ ॲम्पवर साचली की रजई पांघरल्यासारखी होते आणि दुपारच्या प्रवासात ॲम्प तापून बंद पडतो.

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे

सगळं जोडून झालं, मायनस लावली, शेवटी फ्यूज घातला. दिवा हिरवा किंवा निळा पेटला तर ठीक. प्रोटेक्टचा लाल दिवा लागला तर लगेच फ्यूज काढा आणि स्पीकरची कुठली वायर बॉडीला टेकलीय ते शोधा.

गेनचं बटण आवाज मोठा करण्यासाठी नसतं. स्टिरिओचा सिग्नल आणि ॲम्पची ताकद यांचं माप जुळवण्यासाठी असतं. ते पूर्ण फिरवून ठेवलं की आवाज लवकर चढतो, पण ताकद वाढत नाही. फक्त खरखर आणि फाटणं वाढतं. स्पीकर मरतात ते याच फाटलेल्या आवाजानं.

स्टिरिओचे बेस, ट्रेबल शून्यावर, लाउडनेस बंद. चारही गेन शून्यावर. मोबाइलवर १ किलोहर्ट्झचा टेस्ट टोन घ्या. स्पीकरच्या वायरी ॲम्पवरून काढा. स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांशावर न्या, म्हणजे ४० पैकी ३०. मीटर एसी व्होल्टवर ठेवून एका आउटपुटला लावा आणि गेन हळूहळू वाढवा. ५० वॅट आणि ४ ओहम यांचा गुणाकार २००, त्याचं वर्गमूळ १४.१. मीटरवर १४ आले की थांबा. चारही चॅनल असेच. वूफरसाठी हेच ५० हर्ट्झच्या टोननं करा आणि वॅट-ओहम तुमच्या वूफरचे घाला. जुना मीटर १ किलोहर्ट्झला आकडा कमी दाखवतो, तेव्हा कानावर जा: ओळखीचं गाणं लावा, फाटायला लागेल तिथून गेन थोडा मागं घ्या.

मग क्रॉसओव्हर, म्हणजे जड आणि बारीक आवाज वेगळे वाटून देणारी सेटिंग. दारांतल्या स्पीकरना हाय पास ८० हर्ट्झ. खालचा जड आवाज त्यांच्याकडून काढून घेतला की ते मोकळे होतात, आणि मागच्या सीटवर शब्द पहिल्यांदा स्पष्ट ऐकू येतात. वूफर असेल तर त्याला लो पास ८०.

हे जुळलं की नाही हे तपासायला मी संबळ लावतो. आपल्या गोंधळातला. संबळाच्या जोडीतलं एक भांडं जाड बोलतं, एक बारीक, आणि दोन्ही एकाच माणसाच्या हातात असतात. क्रॉसओव्हर नीट असेल तर ऐकताना दोन्ही भांडी शेजारी शेजारी वाटतात. चुकला असेल तर जाड थाप डिकीतून येते आणि बारीक टिपरी काचेजवळून, जणू दोन वेगळी माणसं वाजवताहेत. वूफरच्या फेजचं बटण (पडद्याची आत-बाहेर दिशा उलटवणारं) उलटं करून बघा. ज्या बाजूला थाप पुढं येते ती बाजू बरोबर. आवाजाच्या स्पष्टतेसाठी भारूड किंवा कीर्तन लावा. मृदंग, टाळ आणि बुवांचा आवाज तिन्ही सुटे ऐकू यायला हवेत.

एक गोष्ट मात्र ॲम्पला सुधारता येत नाही. बरेच कंपनीचे स्टिरिओ आवाज वाढवत गेलं की छोटे स्पीकर वाचवण्यासाठी बेस आपणहून कमी करतात. सिग्नलमध्येच बेस नसेल तर ॲम्प तो कुठून आणणार? अशा गाडीत स्टिरिओ मध्यम आवाजावर वापरा आणि गेन त्या बिंदूला जुळवा.

शिट्टी येत असेल

इंजिन चालू केल्यावर बारीक शिट्टी आणि ॲक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढतो, ही अल्टरनेटरची खूण. आधी अर्थिंगचा नट पुन्हा घट्ट करा, रंग नीट खरवडलाय का बघा. तरी येत असेल तर ॲम्पचं इनपुट काढून ऐका. शिट्टी थांबली तर ती सिग्नलच्या वायरीतून येतेय, म्हणजे वायर कुठंतरी प्लसच्या शेजारून जातेय किंवा कन्व्हर्टरचं अर्थिंग वेगळ्या जागी आहे. कन्व्हर्टर आणि ॲम्प यांचं अर्थिंग एकाच बोल्टवर आणा. थांबली नाही तर दोष ॲम्पच्या पुरवठ्यात किंवा अर्थिंगमध्येच आहे. शिट्टीवर फिल्टर विकत घेणं हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे.

इंजिन बंद असतानाही नुसती खरखर येत असेल तर गेन जास्त आहे. आणि घरातल्या कुणाला मीडियम वेव्हवर आकाशवाणी ऐकायची सवय असेल तर रेडिओ लावून बघा: डी क्लास ॲम्पचा गोंगाट सगळ्यात आधी तिथं ऐकू येतो. ॲम्प आणि त्याची प्लसची वायर ॲन्टेनाच्या केबलपासून दूर सरकवली की तो बराच कमी होतो.

इंजिन बंद ठेवून तासभर गाणी लावू नका. १० अँपिअर ओढले तर ३५ अँपिअर-तासाची बॅटरी दोन तासांत निम्म्याच्या खाली जाते, आणि मग शेतातून ट्रॅक्टरनं ढकलून गाडी चालू करावी लागते. गावात रात्री दहानंतर दारं उघडी टाकून वाजवू नका, कायद्यानंही आणि झोपलेल्या लेकरांसाठीही.

पहिल्या लांबच्या फेरीत तुळजापूरला गाडी लावली की उतरण्याआधी बॉनेट उघडा. इंजिनच्या गरम भागांपासून हात जपून फ्यूज होल्डरला बोट लावा, मग सीटखालच्या थिंबलला. शेजारच्या प्लॅस्टिकपेक्षा ते जास्त गरम लागले तर तो जोड सैल आहे. परतीच्या आधी पक्कडीनं पुन्हा दाबून घ्या.